स्ट्रक्चरल ऑडिटवाले कसे निघाले? डोंबिवलीतल्या आमच्या सोसायटीचा अनुभव (५ पैकी ४)

आधी निकाल सांगून टाकतो, ज्यांना घाई आहे ते इथूनच मोकळे. बिल्डिंगच्या मजबुतीची तपासणी एक नंबर, माणसं कोणाच्या दबावाला न बधणारी, रिपोर्टला मात्र उशीर, आणि फोडलेल्या जागा बुजवायच्या बाबतीत सगळा आनंदीआनंद. ५ पैकी ४.

फर्मचं नाव टाकत नाहीये, कारण आमच्याकडे रिडेव्हलपमेंटची बोलणी चालू आहेत आणि नाव बाहेर गेलं की रिडेव्हलपमेंट हवंवाले आणि नकोवाले दोघंही त्यांना फोन करकरून हैराण करतील, म्हणून कमिटीत तसं ठरलंय. एवढं सांगतो की ठाण्यातली छोटी फर्म आहे, मालक स्वतः स्ट्रक्चरल इंजिनिअर, आणि बिल्डिंगच्या आधी बरीच वर्षं पुलांच्या तपासणीवर काम केलेला माणूस. तो पुलांचा अनुभव कामात दिसतो, पुढे सांगतोच.

आमची बिल्डिंग डोंबिवली पूर्वेला, तळ अधिक चार, दोन विंग, खाली अर्धा स्टिल्ट (खांबांवरची मोकळी पार्किंगची जागा) अर्धी दुकानं, १९८८ सालचं बांधकाम. सोसायटीच्या उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या बिल्डिंगचं दर ५ वर्षांनी आणि ३० च्या वर गेली की दर ३ वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करायचं असतं. किती सोसायट्या करतात ते सोडा. आमच्याकडे महापालिकेची नोटीस आल्यावर हालचाल झाली, नाहीतर सिंकिंग फंडाला (मोठ्या दुरुस्तीसाठी साठवलेल्या पैशाला) हात लावायचा म्हटलं की अर्ध्या लोकांच्या पोटात दुखतं.

आता ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ऑडिटचा शेवट एका कॅटेगरीत होतो. सी-१ म्हणजे खाली करा आणि पाडा, सी-२ए म्हणजे काही भाग खाली करून मोठी दुरुस्ती, सी-२बी म्हणजे लोक राहताना स्ट्रक्चरल दुरुस्ती आणि सी-३ म्हणजे किरकोळ डागडुजी. खरी गंमत इथेच आहे. ज्यांना रिडेव्हलपमेंट हवंय त्यांना सी-१ पाहिजे, ज्यांनी मागच्याच वर्षी लाखो रुपये घालून इंटिरिअर केलंय त्यांना सी-३ पाहिजे, आणि ऑडिटर यायच्या आधीच दोन्ही गट आपापला निकाल खिशात घेऊन बसलेले. मुंबईत तर एकाच बिल्डिंगचे दोन उलटसुलट रिपोर्ट येतात आणि मग महापालिकेच्या तांत्रिक सल्लागार समितीकडे जावं लागतं. आमच्या ए विंगचे एक काका तर सरळ म्हणाले, कशाला हात दाखवून अवलक्षण, चांगली उभी आहे की बिल्डिंग.

तीन कोटेशनं मागवली होती. सगळ्यात स्वस्तवाला येऊन जिना चढला, गच्चीवर गेला, मोबाईलवर धडाधड फोटो काढले आणि चहा घेता घेता म्हणाला सर्टिफिकेट चार दिवसांत देतो, कुठली कॅटेगरी हवीये? अहो हे विचारलं त्याने, खरंच. त्याच्या कोटेशनमध्ये टेस्टच्या समोर फक्त 'गरजेनुसार' असं लिहिलेलं. किती कॉलमवर, कुठली टेस्ट, किती पॉइंट म्हणजे किती जागी, काही नाही. आणि तरीही मीटिंगमध्ये ७-८ हात त्याच्यासाठी वर गेले, कारण स्वस्त.

तेव्हा मी हिमालय पुलाचं नाव काढलं. सीएसएमटीचा पादचारी पूल, १४ मार्च २०१९ ला संध्याकाळी ऐन गर्दीच्या वेळी कोसळला, आणि त्या पुलाचं ऑडिट झालेलं होतं, किरकोळ दुरुस्तीच्या यादीत होता तो. म्हणजे कागद होता, शिक्का होता, सही होती. महाडचा सावित्रीवरचा पूल तसाच, १९२८ चा ब्रिटिश काळातला दगडी कमानीचा, २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात गेला आणि त्याच्याबरोबर एसटीच्या दोन बस गेल्या. त्याचीही त्याच वर्षी पावसाळ्याआधी पाहणी झाल्याचं तेव्हा सरकारकडूनच सांगितलं गेलं होतं. वरून बघून पाण्याखालच्या पायाचं काय कळणार? हे बोलल्यावर सभागृह थोडं गप झालं आणि ठाण्यावाल्यांना काम मिळालं. फी स्वस्तवाल्याच्या जवळजवळ अडीचपट, वर १८ टक्के जीएसटी. पण कोटेशनमध्ये प्रत्येक टेस्टचे पॉइंट, कुठल्या मजल्यावर किती, प्लास्टर कोण काढणार, सगळं लिहिलेलं.

आता मुख्य काम.

पहिल्या दिवशी मशीन-बिशीन काही नाही. एक तरुण पोरगा, हातात छोटी हातोडी, आणि एक मुलगी वहीवर प्लॅन काढून घेणारी. तो पोरगा स्टिल्टमधला एकेक कॉलम खालपासून डोक्याच्या उंचीपर्यंत ठोकत गेला. टक टक टक टक आणि मध्येच भद्द. तिथे थांबायचा, आजूबाजूला परत ठोकायचा, भद्द आवाज कुठे सुरू होतो कुठे संपतो ते खडूने गोल करायचा. दुपारपर्यंत आमचा स्टिल्ट खडूच्या गोलांनी भरला होता आणि वॉचमन पोरांना ओरडत होता, त्याला वाटलं पोरांनी रंगवलंय. जिथे भद्द तिथे आतलं काँक्रीट सुटलेलं. सळईला गंज चढला की गंजाची जागा मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त लागते, तो आतून काँक्रीटला ढकलतो, सळईवरचं काँक्रीटचं कव्हर सुटतं, पण वर प्लास्टर आणि दोन हात रंग असला की तुम्हाआम्हाला काही दिसत नाही. आमच्या एका कॉलमवर तर गेल्या दिवाळीतच रंग मारलेला, मस्त गुळगुळीत, आणि ठोकला तर कंबरेएवढ्या उंचीपर्यंत सगळा पोकळ.

मग घरांमध्ये. इथे त्यांची चिकाटी मानली. बाकीचे ऑडिटवाले हॉल बघून निघतात, हे आधी संडास-बाथरूमच्या खालचं छत बघायला मागायचे, म्हणजे वरच्यांच्या बाथरूमचा खोलगट टाकलेला (संकन) स्लॅब खालच्यांच्या घरातून. मग डक्ट (पाइपांसाठीची उभी अरुंद पोकळी), मग माळा, मग बाल्कनीचं टोक. फॉल्स सीलिंग असेल तर एक पॅनल उघडायला सांगायचे. तिसऱ्या मजल्यावर एका घरात कॉलमला ग्रॅनाइट लावलेलं, घरमालक म्हणाले हात लावायचा नाही. पोरगा काही बोलला नाही, वहीत फ्लॅट नंबर घालून 'तपासणीस नकार' असं लिहिलं आणि त्यांना सही करायला वही पुढे केली. सही करायची म्हटल्यावर पाच मिनिटांत ग्रॅनाइटचा एक तुकडा काढायला परवानगी मिळाली. 😄

गच्चीवर वेगळाच प्रकार. गेल्या ३५ वर्षांत जो तो कमिटीवाला आला त्याने गळती थांबवायला जुन्यावर नवा कोबा टाकला, जुना न काढता. एका कोपऱ्यात खणून बघितलं तर विटांच्या तुकड्यांच्या कोब्याचे थरावर थर, त्यावर चायना मोझेक, त्यावर परत सिमेंटचा थर. हा सगळा बोजा स्लॅबने उचललाय, ज्याचा मूळ डिझाइनमध्ये कोणी विचारही केला नसणार. वरून पत्र्याची शेड, आणि एका कोपऱ्यात कुणाचीतरी मातीची मोठी कुंडी-शेती. फर्मचे मालक बघून फक्त हसले.

दुकानाच्या लायनीत सगळ्यात वाईट निघालं. एका दुकानदाराने शटरचा चॅनल सरळ बसावा म्हणून कॉलमची एक बाजू खरवडून काढलेली, सळई दिसेपर्यंत, आणि वर छान लॅमिनेट. हे त्यांना सापडलं ते दुकानाच्या आतली रुंदी टेपने मोजून, प्लॅनवर जेवढी रुंदी पाहिजे त्याच्यापेक्षा दुकान दीड इंचाने मोठं निघालं! घाटकोपरची साईदर्शन बिल्डिंग आठवत असेल, २५ जुलै २०१७, १७ माणसं गेली, तिथेही तळमजल्यावरच्या रिनोव्हेशनमध्ये खांबांना हात लावल्याचाच आरोप होता. आमच्या दुकानदाराचं म्हणणं, मी घेतलं तेव्हापासून असंच आहे. असेल बुवा.

टेस्टचं सांगतो, कारण इथेच लोकांना सगळ्यात जास्त गंडवतात.

रिबाउंड हॅमर सगळ्यांना माहीत असतो, नळकांड्यासारखं यंत्र, कॉलमवर दाबलं की आतला दांडा आपटून उसळतो आणि आकडा दाखवतो. हे प्लास्टरवर मारून काही उपयोग नाही, प्लास्टर काढून काँक्रीट घासून गुळगुळीत करून मगच मारायचं असतं. मी बाजूच्या सोसायटीत प्लास्टरवर मारताना बघितलंय आणि त्याचा रिपोर्ट त्यांनी फ्रेम करून ऑफिसात लावलाय. दुसरं म्हणजे जुन्या काँक्रीटचा वरचा थर हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने कडक होत जातो, त्यामुळे हॅमरचा आकडा उलट चांगलाच येतो. म्हणजे बिल्डिंग म्हातारी होतेय आणि मार्क वाढतायत! ही गोष्ट मालकांनी स्वतःहून सांगितली, म्हणून फक्त हॅमरवर त्यांचा भरवसा नाही.

मग अल्ट्रासोनिक. दोन बाजूंना ग्रीस लावून दोन प्रोब धरायचे, एकातून आवाजाची लहर सोडायची, दुसऱ्यापर्यंत किती वेळात पोचते ते बघायचं. आत भेगा किंवा पोकळी असेल तर लहरीला वळसा पडतो, वेग कमी येतो. सेकंदाला साडेतीन किलोमीटरच्या वर असेल तर चांगलं, साडेचारच्या वर म्हणजे उत्तम, तीनच्या खाली गेलं की शंका. आमचे बरेचसे कॉलम तीन ते साडेतीनच्या मध्ये लटकलेले, काही चांगले, आणि जिन्याजवळच्या डक्टला लागून असलेले दोन कॉलम तीनच्या खाली. म्हणजे ज्या डक्टमध्ये सगळ्यांच्या संडासाचे पाइप वर्षानुवर्षं गळतायत आणि जिथे कोणी वाकूनसुद्धा बघत नाही, नेमके तेच.

मला स्वतःला सगळ्यात आवडली ती कार्बोनेशनची टेस्ट, कारण तिथे आकड्यांवर विश्वास ठेवायची गरजच नाही, डोळ्यांनी दिसतं. कॉलमला भोक पाडून फुंकर मारून साफ केलं आणि त्यात फिनॉल्फथॅलिनचा स्प्रे मारला. हो तेच, शाळेच्या लॅबमधलं. काँक्रीट मुळात चांगलं अल्कधर्मी असतं आणि त्या अल्कधर्मामुळेच आतली सळई गंजण्यापासून वाचते. जिथपर्यंत तो गुण शिल्लक आहे तिथे झटकन गुलाबी होतं, जिथे गेलाय तिथे काही होत नाही. आमच्या डक्टजवळच्या कॉलमवर कडेपासून आत आत बघत गेलो, राखाडी, राखाडी, अजून राखाडी, आणि सळईच्याही मागे जाऊन कुठे गुलाबी पट्टा दिसला. बघायला जमलेल्या मंडळींपैकी सी-३वाले दोघं तिथेच शांत झाले. सेक्रेटरीने त्याचा फोटो ग्रुपवर टाकला आणि त्या दिवसानंतर 'चांगली उभी आहे की' हा मेसेज परत आला नाही.

हाफ सेल पोटेन्शियल पण केली, सळईला एक वायर जोडून ओल्या केलेल्या पृष्ठभागावर इलेक्ट्रोड फिरवत मिलिव्होल्ट वाचायचे. उणे ३५० च्याही खाली गेलं की आत गंज चालू असण्याची शक्यता ९० टक्क्यांच्या वर धरतात. आणि शेवटी कोअर कटिंग, म्हणजे कॉलममधून काँक्रीटचा दंडगोल कापून काढायचा आणि लॅबमध्ये मोडून बघायचा. त्याचा आवाज म्हणजे दातांच्या डॉक्टरकडे अख्खी बिल्डिंग एकदम बसल्यासारखं. सळई कापली जाऊ नये म्हणून आधी मशीनने सळया कुठे आहेत ते शोधून खुणा केल्या होत्या, हे बघून बरं वाटलं.

चहाच्या वेळी मालकांना पुलांबद्दल विचारलं. ते म्हणाले पुलावर सगळ्यात जास्त दुर्लक्ष बेअरिंगकडे होतं, म्हणजे गर्डर (पुलाची तुळई) आणि खांब यांच्या मधलं ते उशीसारखं असतं त्याच्याकडे, कारण तिथपर्यंत पोचायलाच त्रास. त्यासाठी वेगळी गाडी असते, पुलावर उभी राहते आणि तिचा हात कठड्यावरून खाली वळून माणसाला पुलाच्या पोटाखाली नेतो. गाडी मिळाली नाही की मग खालून दुर्बिणीने बघून 'समाधानकारक' लिहिणारेही आहेत. पुलाच्या दोन तुकड्यांमधल्या जॉइंटमधून पाणी झिरपून नेमकं बेअरिंगवरच साचतं. तुमचा डक्ट आणि पुलाचा जॉइंट एकाच जातीचे, जिथे पाणी मुरतं आणि माणूस पोचत नाही तिथे मी आधी जातो, असं म्हणाले. मग मी कुंडमळ्याचा विषय काढला, इंद्रायणीवरचा लोखंडी पूल, १५ जून २०२५ ला कोसळला तो. त्यावर म्हणाले, तिथे दोष लपलेला कुठे होता, धोकादायक म्हणून बोर्ड होता की.

आता तक्रारी, कारण त्या पण आहेत.

रिपोर्ट कबूल केलेल्या तारखेच्या बराच नंतर आला, मध्ये फोन उचलायचे नाहीत, उचलला तर लॅबवर ढकलायचे. कोअरचे रिझल्ट यायला वेळ लागतो हे मान्य, पण मग आधीच तशी तारीख द्या ना. आला तो भलामोठा इंग्रजी ग्रंथ, त्यातली बरीचशी पानं नुसते फोटो आणि तक्ते, सर्वसाधारण सभासदाला त्यातलं शष्प कळणार नाही. मराठीत दोन पानी सारांश द्या म्हटलं तर आमच्या फॉरमॅटमध्ये नाही म्हणाले. शेवटी कमिटीने आग्रह केल्यावर मालक स्वतः सभेला आले आणि दीड तास उभं राहून मराठीत सगळं समजावलं, प्रश्नांची उत्तरं दिली, ते मात्र फार छान केलं. पण हे आमच्या मागे लागण्यामुळे झालं, त्यांच्या कामाचा भाग म्हणून नाही.

दुसरं, प्लास्टर काढलेल्या जागा आणि कोअरची भोकं. कोअरची भोकं न आकसणाऱ्या ग्राउटने नीट भरली, तिथे तक्रार नाही, पण बाकी ठिकाणी सिमेंटचे थापे मारून पसार. बी विंगच्या काकूंच्या बाथरूमची एक टाइल तडकली त्याचे पैसे द्यायला जाम टाळाटाळ, शेवटी बिलातून वळते केले.

तिसरं, दुरुस्तीचं अंदाजपत्रक. त्यांनी दिलेलं अंदाजपत्रक फारच ढोबळ आहे, जॅकेटिंगचं (कॉलमभोवती नवीन काँक्रीटचं आवरण) एवढं, पॉलिमर मॉर्टरचं एवढं, वॉटरप्रूफिंगचं एवढं, आणि मोजमापं मोघम. कॉन्ट्रॅक्टरला हे दिलं की तो मनाला येईल तसं वाढवणार. याबद्दल विचारलं तर म्हणाले सविस्तर हवं असेल तर वेगळी फी. तपासणीत इतके काटेकोर आणि इथे असे, का ते कळलं नाही.

आणि निकाल? सी-२बी. बाहेर पडायची गरज नाही पण स्ट्रक्चरल दुरुस्ती लगेच करायची, आणि ते दोन कॉलम व दुकानाचा एक कॉलम यांना आधी टेकू द्या, रिपोर्टची वाट बघू नका. हे टेकूचं पत्र त्यांनी टेस्ट झाल्या त्याच आठवड्यात ईमेल केलं होतं, रिपोर्ट नंतर आला तरी. यासाठी मी उशीर अर्धा माफ केला. सभेत सी-१वाल्यांनी मालकांना बरंच फिरवून फिरवून विचारलं, म्हणजे अजून पाच वर्षांनी काय होईल, मग सी-१च म्हणा ना आत्ता, आणि ते दर वेळी तक्त्यातला आकडा दाखवून 'हा आकडा सी-१चा नाही' एवढंच म्हणायचे. एक जण चिडून म्हणाला, तुम्ही बिल्डरचे की सोसायटीचे, तर म्हणाले, ज्याने कोअर कापला त्याचा. सगळे हसले पण विचारणाऱ्याला नाही आवडलं.

कुणाला ऑडिट करून घ्यायचं असेल तर माझ्या मते कोटेशनमधला एकूण आकडा बघू नका, पॉइंटची संख्या बघा आणि प्लास्टर काढून टेस्ट करणार का ते लेखी घ्या. कोअर कमीत कमी तीन तरी घ्यायलाच लावा, एका कोअरवरून काही ठरत नाही. शेवटचा हप्ता देण्याआधी टेस्टच्या मूळ रीडिंगचे तक्ते आणि सगळे फोटो सॉफ्ट कॉपीत मागून घ्या, कोणता फोटो कुठल्या कॉलमचा ते प्लॅनवर मार्क केलेलं असलं पाहिजे. आमच्यांनी ते न मागता दिलं, त्यामुळे नंतर बिल्डरने आणलेल्या दुसऱ्या इंजिनिअरला त्याच कॉलमवर परत जाऊन बघावं लागलं, आणि त्याचे आकडेही फारसे वेगळे आले नाहीत.

टेकू लागलेत. त्यातला एक नेमका ए विंगच्या त्याच 'चांगली उभी आहे की' वाल्या काकांच्या पार्किंगमध्ये आलाय, गाडी आता रस्त्यावर लावतात आणि टेकूचं भाडं मेंटेनन्समध्ये धरू नका म्हणून अर्ज दिलाय. अर्ज पुढच्या मीटिंगला आहे.